घोड्याची खोड आणि गाडीतलं पाणी



आजचा विषय लढाईचा नाही, राजाचा नाही. तो तुमच्या-माझ्या घरातला आहे. आपण जुनी गाडी विकतो. पैसे घेतो, किल्ली देतो आणि मोकळे होतो. मग महिना-दोन महिन्यांनी फोन येतो. पलीकडचा माणूस म्हणतो, "साहेब, गाडीत अमुक निघालं." आता या फोनला काय उत्तर द्यायचं? फोन ठेवून द्यायचा? "बघून घेतली होतीस ना" म्हणायचं? की पैसे परत करायचे?

हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. माणूस बैल विकत होता, घोडा विकत होता, तेव्हापासूनचा. त्याला प्रत्येक काळाने वेगळं उत्तर दिलं. आज तीच गोष्ट सांगतो. पण सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो, कारण मी हे सगळं वाचायला लागलो ते त्या चुकीमुळे.

निवृत्तीनंतर आम्ही चेन्नईत वेलाचेरीला घर केलं. एप्रिल २०१६ मध्ये मी आमची सहा वर्षांची छोटी गाडी विकली. घेणारा मराठीच मिळाला. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला तरुण, सौकारपेटमध्ये गलाईच्या दुकानात काम करणारा. आपल्या खानापूर-आटपाडीकडची ही मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, चेन्नईतही आहेत. त्याने गाडी फिरवून पाहिली आणि विचारलं, "काका, काही काम निघणार नाही ना?"

मी म्हणालो, "अरे, मस्त चालते. काळजी करू नकोस."

मस्त चालत होती, हे खरंच होतं. एक गोष्ट मात्र मी बोललो नाही. चारच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१५ च्या पुरात, त्या गाडीत सीटच्या खालच्या कडेपर्यंत पाणी होतं.

जूनमध्ये त्याचा फोन आला. एअरबॅगचा दिवा जात नव्हता, एका दाराची काच वर होत नव्हती आणि एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, "काका, गाडीत पाणी शिरलं होतं का?"

त्याला मी काय म्हणालो ते शेवटी सांगतो. आधी मागे जाऊ.

परत करण्याची मुदत

याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेला माल पारखून पाहण्यासाठी मुदती दिल्या आहेत. लोखंड घेतलं तर १ दिवस. दुभतं जनावर, ३ दिवस. ओझं वाहणारं किंवा ओढणारं जनावर, ५ दिवस. रत्न, ७ दिवस. बियाणं, १० दिवस. त्या यादीत दास आणि दासीही आहेत, १५ दिवस आणि १ महिना. माणसंही विकली जात होती, तेही या इतिहासात आहे आणि ते झाकायचं कारण नाही.

या मुदतींमागचा हिशेब बघा. लोखंड एका दिवसात तपासता येतं. गाय दूध किती देते हे दोन-तीन वेळा धार काढल्याशिवाय कळत नाही. बैल कामाला जुंपल्याशिवाय कळत नाही. बी तर रुजल्याशिवाय कळतच नाही. म्हणजे ज्या वस्तूचा दोष जितक्या उशिरा दिसतो, तितकी तक्रारीची मुदत जास्त. मुदतीत दोष दिसला तर माल परत करता येतो, मुदत संपली की नाही.

या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली, ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत. म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारचं. पुढे इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली कोर्टं वारशाच्या खटल्यांत हीच मिताक्षरा उघडत होती.

नारदस्मृती आणखी बारकाईने जाते. घेतलेला माल पसंत पडला नाही तर त्याच दिवशी जसाच्या तसा परत करा. दुसऱ्या दिवशी परत केलात तर किमतीचा तिसावा भाग सोडा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर माल तुमचा. आणि विकणाऱ्याने निर्दोष माल दाखवून सदोष माल गळ्यात मारला तर? दुप्पट किंमत घेणाऱ्याला आणि तेवढाच दंड राजाला. नुसतं मन बदललं तर तोटा घेणाऱ्याचा, फसवलं तर विकणाऱ्याचा. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

आपल्या जनावरांच्या बाजारात हेच तोंडी चालत आलं. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा, पण त्याआधी दात बघायचे, चालवून बघायचं आणि सरळ विचारायचं, "खोड काय?" मारका आहे का, औतात बसतो का, लाथ झाडतो का. दात बघून वय कळतं, खोड मात्र धन्यालाच माहीत असते. म्हणून ती विचारावी लागते.

१८७२ चा घोडा

आता इंग्रजी कायद्याकडे येऊ. तिकडचं जुनं तत्त्व होतं की घेणाऱ्याने सावध राहावं. बघून घ्या, नंतर ओरडू नका. हे तत्त्व १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आलं. त्या कायद्याचं कलम १७ फसवणुकीबद्दल आहे आणि आपल्या सुदैवाने त्यात उदाहरणं दिली आहेत. उदाहरण घोड्याचं आहे.

पहिलं उदाहरण. अ ने ब ला लिलावात घोडा विकला. घोड्यात दोष आहे हे अ ला माहीत आहे, पण तो काहीच बोलला नाही. ही फसवणूक नाही.

दुसरं. ब ही अ ची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. इथे नातंच असं आहे की दोष सांगणं हे अ चं कर्तव्य आहे.

तिसरं. ब म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला आहे असं धरतो." अ गप्प राहतो. इथे गप्प राहणं हे बोलण्यासारखंच आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचा हा घोडा आजही आपल्या कायद्यात उभा आहे. घोड्याच्या जागी गाडी ठेवा, काही बदलत नाही.

मालविक्रीची कलमं पुढे या कायद्यातून काढून १९३० चा वेगळा कायदा झाला. त्याचं कलम १६ सांगतं की मालाच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही. पण विकणारा त्याच मालाचा धंदा करणारा असेल आणि घेणारा त्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे दुकानदाराची जबाबदारी जास्त, माझ्यासारख्या एकट्या-दुकट्या विकणाऱ्याची कमी. मुदतीचा हिशेब मात्र यात राहिला नाही. ३ दिवस, ५ दिवस गेले आणि त्यांच्या जागी वकील आले.

तक्रार करायची सोयच नव्हती

मद्रासमध्ये घोडा आणि मोटार यांचं नातं तर एकाच रस्त्यावर दिसतं. माउंट रोडवरची सिम्पसन कंपनी १८४० मध्ये सुरू झाली ती घोडागाड्या बांधण्यासाठी. पुढे ती मोटारींच्या धंद्यात उतरली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ वंडलूरला स्टँडर्ड मोटरचा कारखाना झाला. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांकडे स्टँडर्ड हेराल्ड असेल तर ती इथली.

पण त्या काळात नवी गाडी मिळणंच कठीण होतं. अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड, एवढ्यातूनच निवडायचं आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा सरकारी आदेश निघाला. परिणाम असा की जुनी गाडी, जी लगेच मिळते, ती कधी कधी नव्या गाडीच्या सरकारी भावापेक्षा महाग. अशा बाजारात घेणारा तक्रार काय करणार? "नको असेल तर ठेवा, मागे दहा जण उभे आहेत" हे उत्तर तयार.

मग माणूस करायचा काय? दुरुस्ती. चेन्नईत एग्मोरजवळ, कूवम नदीच्या काठाला पुदुपेट आहे. जुन्या गाड्या तिथे सुट्या होतात आणि त्यांचे भाग विकले जातात. मुंबईकरांना चोर बाजार आणि कुर्ला आठवेल. गाडीत खोड निघाली की विकणाऱ्याकडे कुणी जात नसे, पुदुपेटला जाऊन भाग आणत. जिथे ऐकणारं कुणी नसतं तिथे तक्रारी संपत नाहीत, लोक फक्त त्या बोलून दाखवायचं सोडतात.

लिंबाचा बाजार

त्याच सुमारास अमेरिकेत एक तरुण अर्थतज्ज्ञ जुन्या गाड्यांचाच विचार करत होता. जॉर्ज अकेरलॉफ. फसव्या गाडीला तिकडे लिंबू म्हणतात. त्याचा लेख तीन नियतकालिकांनी परत पाठवला आणि शेवटी १९७० मध्ये तो छापून आला. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. १९६७-६८ चं वर्ष हा माणूस दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता, आणि त्याच्या लेखात आपला बाजार आहे. तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे आणि ते निवडत बसलेली आपली गृहिणी!

त्याचं म्हणणं साधं आहे. समजा चांगली जुनी गाडी ४ लाखांची आणि खराब २ लाखांची. घेणाऱ्याला ओळखता येत नाही, म्हणून तो मधला भाव देतो, ३ लाख. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात परवडत नाही, आणि गाडी घरीच ठेवतो. बाजारात खराब गाड्या उरतात. हे घेणाऱ्याच्या लक्षात येतं, तो आणखी कमी भाव देतो. असं करत करत बाजारच बसतो. न सांगणाऱ्याचा दंड असा सांगणाऱ्यालाही भरावा लागतो.

यावर अमेरिकी सरकारने १९८१ मध्ये नियम काढला की माहीत असलेले मोठे दोष विक्रेत्याने गाडीच्या काचेवर लिहून लावावेत. विक्रेते खवळले आणि १९८२ मध्ये तिथल्या संसदेने तो नियम फेटाळला. पुढे १९८४ मध्ये नवा नियम झाला, तो १९८५ पासून लागू आहे. काचेवर कागद लावायचा, हमी आहे की "आहे तशी" हे लिहायचं. पण माहीत असलेला दोष लिहा, हे कलम गळून गेलं. म्हणजे खरी लढाई त्या एका ओळीची होती.

आपल्याकडे ही हवा बदलायला ग्राहक चळवळ कारण झाली. बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत १९७४ ची, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. चेन्नईत १९८५ मध्ये 'कॅग' ही ग्राहक संस्था उभी राहिली. डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याआधी १९८३ मध्ये मारुती ८०० आली होती आणि हळूहळू गाडीसाठी थांबणं संपत गेलं. मग चेन्नईच्या आसपास फोर्ड आली, ह्युंदाई आली, १९९८ मध्ये सँट्रो निघाली. नव्या गाड्या वाढल्या तशा जुन्याही वाढल्या. २००१ मध्ये मारुतीने ट्रू व्हॅल्यू सुरू केलं, तपासून आणि हमी देऊन जुनी गाडी विकायची. घेणाऱ्याला पहिल्यांदा तक्रार घेऊन जायला एक काउंटर मिळालं.

पाणी

आता १ डिसेंबर २०१५. तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत २९ हजार क्युसेकने पाणी सोडलं गेलं. विमानतळ ६ तारखेपर्यंत बंद होता. माणसं गेली, घरं गेली. त्यापुढे गाड्यांचं दुःख लहान, पण तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

गाडीत पाणी शिरलं की काय होतं? इंजिन बंद असेल आणि तसंच टो करून नेलं तर बहुधा वाचतं. कुणी घाईने चालू केलं तर सिलिंडरमध्ये पाणी खेचलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो बिघाड निदान लगेच कळतो. वाईट असतं ते वायरिंगचं. आजकालच्या गाडीत कार्पेटखाली, सीटखाली वायरी आणि कनेक्टर असतात. ते वरून वाळतात, आतून हळूहळू गंजतात. दोष तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी वर येतो. याज्ञवल्क्याच्या यादीत ही गाडी लोखंडात धरू नका, बियाण्यात धरा.

दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या पाऊणपटीहून जास्त झाला तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते आणि मालकाला पैसे देते. मग ती गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. घेणारा ती सुटी करतो किंवा दुरुस्त करून विकतो. दुरुस्ती केली तर त्यात गैर काही नाही. पण आरसी बुकावर पुराची नोंद नसते. गाडी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या राज्यात गेली की तिचा भूतकाळ पुसला जातो. म्हणून घेताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते. स्टेपनीच्या खोबणीत, सीटच्या स्क्रूवर गंज बघा. आणि तोंडाने विचारा.

फौजेत प्रत्येक वाहनाबरोबर लॉग बुक असतं. ड्रायव्हर बदलला, युनिट बदललं, तरी ते वाहनाबरोबर जातं. चार्ज देताना काय कमी आहे, काय बिघडलंय, हे लिहून सह्या होतात. मग कुणाची तक्रार राहत नाही, कारण सांगायचं ते आधीच सांगितलेलं असतं. तीस वर्षं मी सह्या करून चार्ज दिले-घेतले, आणि स्वतःची गाडी विकताना "मस्त चालते" एवढ्यावर भागवलं.

त्या फोनचं उत्तर

खरं सांगतो, त्याने विचारल्यावर माझ्या मनात पहिला विचार बचावाचा आला. बघून घेतलीस ना? मी कुठे खोटं बोललो? म्हणजे मी पहिल्या उदाहरणातला लिलाववाला होतो. पण त्या मुलाने विचारलं होतं, म्हणजे मी तिसऱ्या उदाहरणात बसत होतो. आणि त्याने मला काका म्हटलं होतं. परक्या शहरात आपल्या भाषेचा माणूस म्हणून तो विसंबला होता. ते दुसऱ्या उदाहरणाच्या फार जवळचं होतं.

मी म्हणालो, "हो, शिरलं होतं. मी तुला सांगायला हवं होतं. गाडी घेऊन ये."

तो रविवारी आला. मी फाइलमधलं डिसेंबरचं वर्कशॉपचं बिल त्याच्यासमोर ठेवलं आणि दोन पर्याय दिले. गाडी ठेव आणि सगळे पैसे घेऊन जा, किंवा वायरिंग नवीन करून घे, खर्च माझा. त्याने गाडी ठेवली. ३८ हजार रुपये लागले. तो जाताना एवढंच म्हणाला, "काका, आमच्याकडे गिऱ्हाईक समोर बसतं, मग आम्ही सोनं गाळतो. घट किती आली ते त्याला दिसतं. मग भांडण होत नाही."

पण गोष्ट इथे संपली नाही. वर्कशॉपने आरसी मागितली आणि कळलं की गाडी अजून माझ्याच नावावर आहे. मी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्याच्या हातात दिले आणि विसरलो, तो दुकानाच्या व्यापात विसरला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. मी कळवलं नव्हतं. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी विकलेली असली, पुढे दोन-तीन हात बदललेली असली, तरी नोंद ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. ते वाचून मला घाम फुटला. त्या दोन महिन्यांत त्या मुलाच्या हातून अपघात झाला असता तर नोटीस माझ्या दारात आली असती. आम्ही दोघं सोमवारी आरटीओत गेलो, ते बरं झालं.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नवे नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. विक्रेत्याने नोंदणी करायची आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की पोर्टलवर कळवायचं. तेव्हापासून मालकाची जबाबदारी त्याच्याकडे. बदलीच्या नोकरीतल्यांसाठी हे फार उपयोगाचं आहे. मात्र आपण थेट शेजाऱ्याला किंवा ओळखीच्याला विकली तर जुनीच रीत. दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, आता राहत्या जिल्ह्यातूनही. कधीमधी स्वतःची गाडी विकणारा माणूस व्यापारी नसतो, तिथे शेवटी तोच १८७२ चा घोडा उभा राहतो.

तेव्हा मंडळी, गाडी विकाल तेव्हा एक कागद करा. अपघात, पूर, मोठं काम, बदललेले भाग, सगळं लिहा. सर्व्हिसची बिलं जोडा. गाडी त्याच्या मेकॅनिकला दाखवू द्या. काही निघालं तर किती दिवसांत सांगायचं, ते आधीच ठरवून लिहा, त्या जुन्या मुदतींसारखं. दोघांच्या सह्या करा आणि नाव बदलायला स्वतः बरोबर जा. भाव दहा-पंधरा हजारांनी कमी येईल. मला न सांगणं ३८ हजारांना पडलं.

आणि फोन आलाच, तर उचला. आधी पूर्ण ऐका. तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं का, हे स्वतःला विचारा. उत्तर "हो" असेल तर वाद घालू नका.

तो मुलगा अजून चेन्नईत आहे. गेल्या वर्षी त्याने दुसरी गाडी घेतली, जुनीच. घेण्याआधी ती मला दाखवायला घेऊन आला होता. आम्ही दोघांनी मिळून सीटबेल्ट ओढून बघितले.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.